साहेबाची मोटार आणि आमचे हात

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापककक्षांत एका विद्वान् मित्रांनीं माझ्यावर चारचौघांत तीन आरोप केले. हे मित्र इतिहास शिकवितात, आणि आरोप करण्याची हातोटी त्यांना चांगली साधलेली आहे. विषय होता माझ्या मोटारीचा. मजजवळ १९४७ सालची एक एम्. जी. मोटार आहे. टी. सी. या नांवानें ती ओळखली जाते; दोन माणसांपुरती, कापडी टपाची, लांब नाकाची आणि सायकलीसारख्या तारांच्या चाकांची. देवळालीच्या एका जुन्या बंगल्यामागील पत्र्याच्या शेडमधून मीं ती २००३ सालीं आणली, आणि तेव्हांपासून ती ठाण्यांत माझ्या दारांत आहे. त्यांतलीं निम्मीं वर्षें तिचीं चालण्यापेक्षां उघडून पडण्यांतच गेलीं. मित्र म्हणाले, "साहेब गेला, पण तुमच्यासारख्यांच्या दारांत आपली मोटार बांधून गेला. ही गुलामगिरीची आठवण आहे, ही श्रीमंतांची चैन आहे, आणि असलें धूर ओकणारें धूड रस्त्यावर आणणें हा शेजाऱ्यांशीं केलेला अपराध आहे." सगळे हांसले. मीहि हांसलों. प्राध्यापकांना उत्तरें घरीं गेल्यावर सुचतात, तसें मलाहि सुचलें. आणि तें एकट्या मित्रांना देण्याजोगें नसून माझ्या सबंध वर्गाला, म्हणजे इंग्रजी शिकून शहाण्या झालेल्या पांढरपेशांना, देण्याजोगें आहे असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

शेवटचा आरोप प्रथम घेतों, कारण त्यांत तथ्य आहे. धूर गाळण्याचें कोणतेंहि साधन माझ्या मोटारींत नाहीं. मीं ती रोज कॉलेजांत नेली, आणि माझें पाहून आणखी हजार जणांनीं तसेंच केलें, तर घोडबंदर रस्त्यावरची हवा आहे त्याहून वाईट होईल. म्हणून मी ती रोज नेत नाहीं. आठवड्यांतून एकदां, पहांटे, गर्दी होण्यापूर्वीं ती येऊरच्या पायथ्यापर्यंत जाते आणि परत येते. पण याच काळांत मित्रांनीं तीन मोटारी बदलल्या. त्या तिन्हींचें लोखंड वितळवितांना निघालेला धूर कोठल्या तरी दूरच्या गांवच्या लोकांनीं गिळला. तो आपल्या नाकापर्यंत आला नाहीं म्हणून तो नव्हताच, असें मानणें इतिहासाच्या अध्यापकाला शोभत नाहीं. या मुद्यावर यापेक्षां अधिक बोलण्यांत अर्थ नाहीं.

चैनीचा आरोप अर्धा खरा आहे. ज्या रकमेंत त्या सालीं माझ्या बरोबरीच्या लोकांनीं नवी लहान मोटार घेतली, तेवढ्याच रकमेंत मीं चार खोकीं भरून सुटे भाग, एक कुजलेला सांगाडा आणि उंदरांचें एक कुटुंब विकत घेतलें. त्यानंतर जो खर्च झाला तो मीं पत्नीला पूर्णपणें सांगितलेला नाहीं, आणि येथेंहि सांगणार नाहीं. परंतु जिच्यासाठीं पैशाखेरीज दुसरें कांहींच द्यावें लागत नाहीं ती चैन. जिच्यासाठीं रविवार, नखें आणि विद्वत्तेचा अभिमान हीं तिन्ही द्यावीं लागतात, तिला मित्रांनीं दुसरें नांव शोधावें.

आतां गुलामगिरी. येथें मात्र मला सावकाश बोललें पाहिजे, कारण माझ्या मित्रांना साहेब ठाऊक आहे, पण साहेबाची मोटार ठाऊक नाहीं.

१८९३ सालीं ऑक्सफर्डमध्यें विल्यम मॉरिस नांवाच्या एका मुलानें सायकली दुरुस्त करण्याचा धंदा काढला. वय सोळाच्या आसपास, भांडवल चार पौंड, जागा आईबापांच्या घरामागील पडवी. ज्या गांवांत कॉलेजेंच कॉलेजें, त्या गांवांत हा मुलगा चाकें सरळ करीत बसला. सायकलीवरून मोटारसायकल, तीवरून मोटार. दुरुस्त करतां करतां तो स्वतःच मोटारी बांधूं लागला आणि पुढें लॉर्ड नफील्ड झाला. त्याच्या दुरुस्ती-विक्रीच्या दुकानाचें नांव होतें मॉरिस गॅरेजेस. त्या दुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें १९२० नंतरच्या दशकांत मॉरिसच्या साध्या मोटारींवर हलकें, चपळ अंग चढवून त्या विकण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या नाकावर दुकानाचीं आद्याक्षरें बसविलीं. एम्. जी. हें राजाचें नांव नव्हे, सरदाराचें नव्हे, सेनापतीचेंहि नव्हे. तें दुरुस्तीच्या दुकानाचें नांव आहे. आमच्याकडे एखाद्या उंची वस्तूवर कोणी "अमुक रिपेअर वर्क्स" असें कोरून ती अभिमानानें मिरविली असती काय, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा.

त्याच १८९३ सालीं आमच्या ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. मला त्या संस्थेचा अभिमान आहे. माझें अर्धें शिक्षण तिच्या कपाटांनीं केलें. पण हीं दोन सालें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे माझ्या मनाला एक टोंचणी लागते. ग्रंथालय काढणाऱ्यांची परंपरा आम्हीं निष्ठेनें चालविली. पडवींत बसून चाक सरळ करणाऱ्याचीहि कांहीं परंपरा असूं शकते, हें आमच्या ध्यानींमनीं आलें नाहीं.

तसा मनुष्य आमच्यांत झालाच नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचें रेखांकन शिकवीत असत, म्हणजे ते माझेच व्यवसायबंधु. किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान बेळगांवीं निघालें तें १८८८ सालीं. मॉरिसच्या आधीं पांच वर्षें. पुढें लक्ष्मणरावांनीं मास्तरकी सोडली, लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. सायकलीपासून कारखान्यापर्यंतचा हा मार्ग ऑक्सफर्डच्या मुलानें चालला तोच. पण आम्हां साहित्यिकांना त्या वाडीची ओळख कशामुळें? तर १९२० सालीं कारखान्याची खबर देण्यासाठीं जें पत्रक निघालें, आणि ज्याचें पुढें नामांकित मासिक झालें, त्यामुळें. आम्हीं त्या मासिकांतल्या कथा वाचल्या, त्यांवर वाद घातले, कांहींनीं प्रबंधहि लिहिले. ज्या भट्टीच्या पैशावर तें मासिक निघे, ती पाहण्यास आमच्यांतले किती जण गेले असतील?

आणि ही मोटार अंगानें तरी कितपत इंग्रज आहे? तिच्या इंजिनांतला एक बोल्ट काढून पाहावा. इंचावर जीव टाकणाऱ्या राष्ट्राच्या या मोटारींत बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत. याची कथा मोठी गंमतीची आहे. पहिल्या महायुद्धांत हॉचकिस या फ्रेंच कंपनीनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें मशीनगनांचा कारखाना घातला. युद्ध संपल्यावर तेथें मोटारींचीं इंजिनें होऊं लागलीं, आणि १९२३ सालीं मॉरिसनें तो कारखाना विकत घेतला. आंतलीं यंत्रें फ्रेंच मापाचीं होतीं व तीं बदलण्याचा खर्च मॉरिसला नको होता, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पण गिऱ्हाइकाजवळ पाने इंग्रजी मापाचे; म्हणून बोल्टांचीं डोकीं व्हिटवर्थच्या मापाचीं केलीं. १९४७ सालच्या माझ्या इंजिनांतहि तेच बोल्ट आहेत: आंतून फ्रेंच आणि डोक्यानें इंग्रज. असा बोल्ट आमच्या कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं, तो लेथवर घडवावा लागतो. इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाला या बोल्टाकडे पाहून कांहीं ओळखीचें वाटलें तर नवल नाहीं.

शिवाय ज्या ॲम्बेसेडरला आम्हीं अर्धें शतक राष्ट्राची मोटार म्हणून मिरविलें, मंत्र्यांच्या दारांत उभी केली, ती मूळची मॉरिस ऑक्सफर्डच होती. २०१४ पर्यंत ती निघत होती. आणि एम्. जी. हें नांव आज एका चिनी कंपनीच्या हातीं असून, त्या नांवाच्या मोटारी २०१९ पासून गुजराथेंत हालोल येथें तयार होतात. माझ्या मित्रांच्या तीन मोटारींपैकीं तिसरी त्याच जातीची आहे. साहेबाचा शिक्का कोणाच्या दारांत अधिक झळकतो, हें त्यांनींच पाहावें.

असो. हीं उत्तरें वादापुरतीं झालीं. माझें खरें भांडण यापुढें आहे.

साहेबाकडून आम्हीं काय घेतलें? त्याचा शेक्सपिअर घेतला, त्याचा मिल्ल घेतला, त्याच्या सभेंत बोलण्याचे संकेत घेतले. आणि ज्या पान्यानें त्यानें आपलें घर बांधलें तो पाना मात्र हाताला तेल लागेल म्हणून तेथेंच ठेवला. हा दोष साहेबाच्या शाळेचा, असें म्हणण्याची आमची सोय आहे. पण तो आमच्या घरचाच आहे. लोहार, सुतार, तांबट यांना जें येत होतें त्याला आम्हीं कसब म्हटलें, आणि आम्हांला जें पाठ होतें त्याला विद्या म्हटलें. कसबाचें बलुतें ठरलें, विद्येला दक्षिणा मिळाली. इंग्रजी शाळेनें आम्हांला नवें कांहींच शिकविलें नाहीं. जुन्याच भेदाला नव्या पदव्या जोडून दिल्या. आजहि दसऱ्याला ठाण्याच्या कोणत्याहि सोसायटीच्या आवारांत जाऊन पाहावें. प्रत्येक मोटारीला झेंडूची माळ, नाकावर हळदकुंकू, चाकाखालीं लिंबू. मालक मोठ्या भक्तीनें हात जोडून उभा असतो, पण ज्या यंत्राची पूजा चालली आहे त्याच्या अंगावरचें झांकण कोठून उघडतें, हें त्या हातांना ठाऊक नसतें. शस्त्राची पूजा करावी पण शस्त्र धरूं नये, असा हा आमचा शस्त्रपूजेचा विधि आहे.

मी स्वतः या विधींतला चांगला मुरलेला यजमान होतों. मोटार आणली तेव्हां माझी कल्पना अशी कीं, इंग्रजी दुरुस्तीपुस्तक मागवावें, तें नीट वाचावें, आणि कोणा मिस्त्रीला त्याप्रमाणें आज्ञा कराव्या. वागळे इस्टेटच्या एका गल्लींत पत्र्याखालीं काम करणारे एक वृद्धत्वाकडे झुकलेले मिस्त्री मला भेटले. ते मूळचे राजापुराकडचे. चौदाव्या वर्षीं कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्यें लागलेले. पहिल्या संध्याकाळीं मी खुर्चीवर बसून पुस्तक वाचूं लागलों आणि ते खालीं गोणपाटावर बसून ऐकूं लागले. "सर, तुम्ही वाचा, मी ऐकतों," असें ते म्हणत. आणि मी पुढचें वाक्य उच्चारण्यापूर्वींच त्यांचा हात त्या जागीं गेलेला असे. मीं वाचलें कीं, इंजिन गरम असतां झडपेचें अंतर एकोणीस थाऊ, म्हणजे इंचाचे एकोणीस सहस्रांश, ठेवावें. मिस्त्रींनीं रॉकर दोन बोटांत धरून हलविला, स्क्रू किंचित् फिरविला, आणि म्हणाले, "झालें." मला तें अशास्त्रीय वाटलें. मीं पातें घालून पाहिलें. एकोणीसचें गेलें, विसाचें गेलें नाहीं. आठहि झडपांचें तेंच. त्या दिवसापासून पुस्तक मिटलें असें नाहीं, पण खुर्ची गेली.

या मिस्त्रींच्या तोंडची मापें ऐकून तर मी थक्क होत असे. ते पाना मागत तो सुतांत: चार सुती, पांच सुती. इंचाचे आठ भाग केले म्हणजे एक सूत होतें. विलायतेनें सोडून दिलेला इंच वागळे इस्टेटच्या पत्र्याखालीं अशा रीतीनें मराठी होऊन नांदत होता. आमच्या कोशकारांना तो कोठें आढळला कीं नाहीं, देव जाणे.

कार्बोरेटरांचीहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारीला दोन कार्बोरेटर आहेत, एस्. यू. जातीचे. एस्. यू. म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर लंडनच्या जोडे विकणाऱ्या घराण्यांतले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरांत दट्ट्याच्या जागीं चामड्याचा भाता होता. चांभाराची विद्या मोटारीच्या फुप्फुसांत अशी शिरली. रचना इतकी साधी कीं ती समजल्यावर आपल्या शिक्षणाची लाज वाटावी. इंजिन जितकी हवा ओढतें तितका दट्ट्या वर उचलला जातो. त्याच्या पोटाला लावलेली निमुळती सुई भोकांतून तितकीच वर येते, आणि तितकेंच पेट्रोल सुटतें. खरी कसोटी दोघांचा श्वास एक करण्यांत आहे. रबरी नळीचें एक टोंक कानाला आणि दुसरें कार्बोरेटरच्या तोंडाशीं धरून दोहोंचा सूंकार तंबोऱ्याच्या जोडीप्रमाणें एका सुरांत आणावा लागतो. मिस्त्री भजनांत मृदंग वाजवितात. त्यांना हें कोणी शिकवावें लागलें नाहीं.

याउलट एकदां मिस्त्री गांवीं गेले असतां मीं मोटार एका झगझगीत गॅरेजांत नेली. तेथें थंड हवा होती, कॉफी होती, अंगावर नांव विणलेले कपडे घातलेले तरुण होते. त्या काळच्या पुष्कळशा इंग्रजी मोटारींप्रमाणें माझ्या मोटारीच्या बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. आजच्या मोटारींत ऋण टोंक जोडतात. तरुणांनीं न विचारतां, न पाहतां, आजच्या रीतीनें तारा जोडल्या. डायनामोच्या कट-आउटचीं टोंकें चिकटून बसलीं आणि वायरींतून धूर निघाला. बिल मात्र संगणकावर छापलेलें व बिनचूक होतें.

आतां जे माझ्या बाजूचे म्हणवितात त्यांच्याशींहि दोन शब्द बोललें पाहिजे. जुन्या मोटारींचे कांहीं शौकीन असे आहेत कीं, त्यांना मोटार चालण्यासाठीं नको, चकाकण्यासाठीं हवी. माझ्या मोटारीचें अंग ॲश नांवाच्या विलायती झाडाच्या लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेलें आहे. कोंकणपट्टीच्या हवेंत तें लाकूड कुजून गेलें, आणि नौपाड्यांतल्या एका सुतारानें तो सांगाडा सागवानांत पुन्हां उभा केला. जुन्या लाकडाचे कुजके तुकडे गादीवर मांडून, त्यांवरून कागदी नमुने कापून, सबंध दोन महिने खपून. त्या कामाची प्रशंसा करण्याऐवजीं एका शौकिनांनीं मला बजावलें कीं, सागवान लावल्यानें मोटार आतां "अस्सल" राहिली नाहीं. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ति ठराविक वर्षांनीं नव्या घडवितात. २०१५ सालीं नवकलेवराचा तो सोहळा झाला. त्यावरून जगन्नाथ अस्सल राहिला नाहीं असें म्हणणारा भक्त मला अजून भेटावयाचा आहे. आमच्या आज्यांनीं कौलारू घर दर मृगापूर्वीं शाकारून घेतलें, वासा बदलला, भिंत सारवली, आणि घर तेंच राहिलें.

खेदाची गोष्ट ही कीं, कायद्यानेंहि या शौकिनांचाच दृष्टिकोन उचलला आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पांच हजार, मुदत दहा वर्षें, अक्षरें "व्ही. ए.". सरकारनें जुन्या मोटारींची दखल घेतली, त्यांना भंगाराच्या लाटेंतून वगळलें, याबद्दल मी कृतज्ञ आहें. पण पुढें वाचावें. या सदरांत नोंदलेली मोटार प्रदर्शनासाठीं, संशोधनासाठीं, शर्यती-मिरवणुकींसाठीं, किंवा पेट्रोल भरण्यास व दुरुस्तीस न्यावी. नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणूं नये. शिवाय ती मूळ स्वरूपांत असावी, आणि सांगाडा, अंग वा इंजिन यांत फेरफार होण्याइतकी मोठी डागडुजी तिच्यावर झालेली नसावी. पाऊणशें वर्षें ज्या मोटारीला कोणी मोठ्या डागडुजीचा हात लावला नाहीं, ती मोटार नसून गंजाची रास असते, हें नियम करणाऱ्यांना कोणा मिस्त्रीनें सांगितलें असतें. पण त्यांनीं मिस्त्रीला विचारलें असेल असें वाटत नाहीं. यंत्र उभें राहिलें कीं मरतें. तेल खालीं उतरतें, रबर आक्रसतें, टांकींत गंज धरतो. त्यांत आतां देशभर पेट्रोलांत शेंकडा वीस टक्के इथेनॉल येऊं लागलें आहे. तें हवेंतलें पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबरी नळ्या व वेष्टनें खाऊन टाकतें. अशा पेट्रोलावर मोटार महिनोन्महिने उभी ठेवणें म्हणजे तिला पोटांतून सडविणें होय. मिरवणुकीपुरती जिवंत राहा, असें यंत्राला कोणत्याहि कलमानें सांगतां येत नाहीं.

पण कायदा उद्यां बदलतां येईल. जें बदलतां येणार नाहीं त्याकडे वळतों.

माझी विलायती मोटार ठाण्यांत इतकीं वर्षें कोणाच्या कृपेनें जगली? शौकिनांच्या नव्हे, आणि साहेबाच्या तर नव्हेच. ती टॅक्सीवाल्यांच्या कृपेनें जगली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट निघाली, तिचीच पुढें पद्मिनी झाली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईचीं पावलें झाली. त्या टॅक्सीसाठीं कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत मिस्त्रींची एक सबंध शाळा उभी राहिली. कार्बोरेटर उघडणें, बुश बसविणें, झडपा घांसणें, डायनामो गुंडाळणें, न मिळणारा भाग लेथवर काढणें, हें त्या शाळेचें रोजचें पाठांतर होतें. माझी मोटार या शाळेची परगांवची विद्यार्थिनी. ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनीं गहिंवरून लेख लिहिले, लोकांनीं तिच्याजवळ उभें राहून छायाचित्रें काढलीं. तिच्याबरोबर कोणती शाळा बंद पडली, याचा उल्लेख माझ्या तरी वाचनांत आला नाहीं. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला प्रीमियरचा जो कारखाना होता, ज्यांतून १९९० नंतरच्या दशकांत कांहीं काळ प्यूजो मोटारी निघाल्या, तोहि केव्हांच थंडावला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळानें पहिली वसाहत म्हणून जी वागळे इस्टेट वसविली, तिच्यांत लेथांच्या जागीं आतां कांचेचे मनोरे आहेत.

आणि येथें मला माझ्या स्वतःच्या अपराधाचा कबुलीजबाब दिला पाहिजे. तो दिल्यावांचून वरचें सगळें पांडित्य ठरेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं मिस्त्रींनीं मला एकदां विचारलें होतें, "सर, पोराचें काय करूं? हात चांगला आहे त्याचा. शाळा सुटली कीं इथेंच येऊन बसतो." मुलगा मीं पाहिलेला होता. सांडशी धरण्याची त्याची रीत बापासारखी होती. मीं क्षणाचाहि विचार न करतां म्हटलें, "मिस्त्री, त्याला शिकवा. हात काळे करायला लावूं नका." इंग्रजीचा प्राध्यापक असून मला त्या वाक्यांतला विरोध दिसला नाहीं. मी "शिकवा" म्हणालों, आणि मला अभिप्रेत होतें "शिकवूं नका". त्यांनीं माझें ऐकलें; कारण सर सांगतात तें बरोबरच असणार. मुलगा बी. ई. झाला, आतां त्याच वागळे इस्टेटमधल्या एका मनोऱ्यांत संगणकासमोर बसतो, चांगला पगार मिळवितो, बापाला प्रेमानें वागवितो. रविवारीं पत्र्याखालीं आला तर कपड्यांना डाग पडूं नये म्हणून उभाच राहतो.

यावर माझे मित्र म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें फेटाळण्यासारखें नाहीं, कीं गरिबाच्या पोरानें बापाचीच कानस घांसावी आणि प्राध्यापकाच्या पोरानें अमेरिकेस जावें, असें तुम्हांला म्हणावयाचें आहे काय? नाहीं. मिस्त्रींच्या मुलानें खुर्चीवर बसावें याला माझी हरकत नाहीं. माझ्या मुलानें ऐरणीजवळ उभें राहावें असें मला एकदांहि वाटलें नाहीं, याला माझी हरकत आहे. दोघांचा शाळेंत एकाच वर्षीं दहावीचा निकाल लागला होता. एकाला कानसेपासून दूर नेण्याचा सल्ला मीं दिला, आणि दुसऱ्याच्या बाबतींत तसा सल्ला देण्याची वेळच येऊं दिली नव्हती. मोटारीला डॉक्टर हवा तसा मिस्त्री हवा, असें आम्ही तोंडानें म्हणतों. पण डॉक्टरच्या फीविषयीं आम्ही घासाघीस करीत नाहीं आणि मिस्त्रीशीं पन्नास रुपयांसाठीं अर्धा तास वाद घालतों. ज्या विद्येची आम्हीं इतकी किंमत केली, तिला वारस मिळाला नाहीं तर दोष नव्या पिढीचा कसा? औद्योगिक प्रशिक्षणाच्या संस्था आहेत, तेथें मुलें जातातहि. पण आमच्या ओळखींतल्या कोणी आपला मुलगा तेथें आवडीनें घातल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. मार्क कमी पडले म्हणजे तेथें घालतात.

सध्यां मोटारीच्या पुढच्या चाकांच्या किंगपिना झिजल्या आहेत. सुकाणूं सरळ धरलें तरी ती हत्तीसारखी डुलत जाते. नवे बुश विलायतेहून टपालानें आले आहेत आणि माझ्या टेबलावर, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांशेजारीं, तेलकट कागदांत पडलेले आहेत. ते ठोकून बसविल्यावर रीमर फिरवून आंतून अगदीं मापांत घ्यावे लागतात. किंचित् कमी झालें तर सुकाणूं आवळतें, किंचित् जास्त झालें तर सगळें मुसळ केरांत. मिस्त्रींच्या एका डोळ्याचें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालें आहे, दुसऱ्याचें व्हावयाचें आहे, आणि त्यांचा उजवा हात आतां कांपतो. दोन ठिकाणीं मीं विचारून आलों. एका ठिकाणीं सांगितलें कीं सबंध जोड बदलून टाका. दुसऱ्या ठिकाणीं रीमर म्हणजे काय तें मला समजावून सांगावें लागलें.

दिवाळीनंतर मिस्त्री म्हणाले, "सर, मी बाजूला उभा राहतों. रीमर तुम्ही फिरवा." मीं हात पुढें केला. त्यांनीं रीमर दिला नाहीं. कोपऱ्यांतून लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस काढून माझ्या हातीं दिली, आणि चारी बाजू काटकोनांत आणावयास सांगितलें. शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशीं देतात तोच हा धडा. त्याला आतां पांच रविवार झाले. गेल्या रविवारीं मिस्त्रींनीं माझा चौकोन हातांत घेतला, त्याला गुण्या लावला, बऱ्या डोळ्यासमोर उजेडाकडे धरला, आणि फटींतून उजेड येतो ती बाजू अंगठ्यानें दाखवून तो पुन्हां माझ्याकडे दिला.